मिशनरी बाई दिवसभर करते तरी काय? केनियाच्या किनाऱ्यावरून

किनाऱ्यापलीकडे

सर्वांना सलाम.

आमच्या नाशिक-नगरकडच्या ख्रिस्ती घरांत भेटल्यावर सलामच म्हणतात. इथे आले तेव्हा "हबारी?" म्हणजे "काय खबर?" असं विचारल्यावर समोरून "सलामा" असं उत्तर ऐकलं आणि पहिल्याच दिवशी जिवाला बरं वाटलं.

परवा धाकट्या नणंदेने फोनवर विचारलं, "वहिनी, तुम्ही तिथे दिवसभर नेमकं करता काय?" मंडळीला, म्हणजे आमच्या चर्चला, पाठवायच्या अहवालात मी जे लिहिते ते सगळं खरं असतं, पण त्यात दिवस येत नाही. किती भेटी, किती प्रार्थनासभा, किती रुग्ण, एवढंच येतं. तो राहिलेला दिवस इथे लिहावा असं वाटलं.

मी नर्स, नवरा पाळक, म्हणजे चर्चचा धर्मोपदेशक. 2014 पासून आम्ही केनियात आहोत. मोंबासाच्या उत्तरेला किलिफी काउंटी आहे, तिथे समुद्रापासून बरंच आत एका गावात राहतो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ज्यांच्याविषयी लिहिणार आहे त्यांना विचारलेलं नाही. वस्ती गिर्यामा लोकांची. मिजिकेंडा म्हणून नऊ समाज या पट्ट्यात राहतात, त्यांतला हा एक. घरात गिर्यामा, बाजारात आणि चर्चमध्ये स्वाहिली, शाळेत इंग्रजी. आमचे मुख्य पाळक गिर्यामाच आहेत आणि माझा नवरा त्यांचा सहायक आहे. हे आधीच सांगते, कारण "मिशनरी" म्हटलं की डोळ्यांपुढे उलटं चित्र येतं.

पहाटे पाचला पाण्यासाठी उठायचं. नळ गावच्या टोकाला, वीस लिटरचे पिवळे डबे रांगेत लावायचे. माझी अर्धी सेवा या रांगेत होते असं म्हटलं तरी चालेल. कोणाचं पोर रात्रभर तापलं, कोणाचा नवरा मोंबासाहून पैसे पाठवायचा थांबला, कोणाच्या शेळ्या चोरीला गेल्या, सगळं तिथे कळतं. घरी येऊन कोळशाच्या शेगडीवर, म्हणजे "जिको"वर, चहा. दुधाचा, साखर घातलेला, आणि त्याला इथेही "चाय"च म्हणतात.

इथलं घड्याळ वेगळं आहे. स्वाहिलीत दिवस सूर्योदयापासून मोजतात, त्यामुळे आपले सकाळचे सात म्हणजे "सा मोजा", पहिला तास. दुपारचे तीन म्हणजे "सा तिसा", नववा तास. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, वाचतो ना, येशू वधस्तंभावर असताना सहाव्या तासापासून नवव्या तासापर्यंत देशभर अंधार पडला? लहानपणी रविवारच्या शाळेत बाई दरवर्षी फळ्यावर तो हिशेब मांडून दाखवायच्या. इथे उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, कोणालाच काही समजावून द्यावं लागत नाही. सा तिसा म्हणजे शाळेतून पोरं घरी यायची वेळ, ऊन अजून अंगावर असतं. पहिल्या वर्षी ते वाचन ऐकताना मला रडू आवरलं नाही. वधस्तंभ एकदम गावातल्या दुपारी आला.

आठ वाजता दवाखान्यात. सरकारी नोंदणी असलेला छोटा दवाखाना आहे, मंडळी चालवते. मंगळवारी गरोदर बायका आणि लसीकरण. मलेरिया, जुलाब, जखमा, रक्तदाब, आणि पावसाळ्यात साप. दुपारनंतर घरोघरी भेटी. दार नसलेल्या अंगणाच्या कडेला उभं राहून "होडी!" म्हणायचं. आतून "करिबू" आलं की मगच पाऊल टाकायचं. वडीलधाऱ्यांना "शिकामू", त्यांचं उत्तर "मराहाबा". या दोन शब्दांना जो चुकला त्याचं पुढचं प्रवचन कोणी ऐकत नाही.

बुधवारी विधवांची प्रार्थना. रविवारी उपासना, साधारण तीन तास. आणि शनिवारी मयत. बहुतेक शनिवारी कुठे ना कुठे मयत असतंच, कारण शहरात कामाला असलेल्या नातेवाइकांना शनिवारीच येता येतं. दोनदोन तास चालत जायचं, बायकांमध्ये चटईवर बसायचं, बोलायचं काहीच नाही. "पोले" एवढा एकच शब्द. त्याला मराठी प्रतिशब्द मला अकरा वर्षांत सापडला नाही. ठेच लागलेल्याला पोले, दमलेल्याला पोले, मूल गेलेल्या आईलाही पोले. त्यात माझी चूक असल्याचा अर्थ नाही, तुझं दुखणं मला दिसलं एवढाच अर्थ आहे.

सुरुवातीला मला हे काम वाटायचंच नाही. मी नंदुरबार जिल्ह्यातल्या एका मिशन दवाखान्यात सहा वर्षं काढली होती, तिथे दिवसाला किती रुग्ण पाहिले यावर संध्याकाळचं समाधान ठरायचं. इथे पहिले तीन महिने लोकांनी मला खुर्चीत बसवलं, कोंबडी कापून जेवू घातलं आणि मनातलं काहीही सांगितलं नाही. मी पत्रकं वाटत होते, स्वच्छतेवर बोलत होते, सगळे माना डोलवत होते.

मग मार्चमध्ये, मोठ्या पावसाच्या तोंडावर, शेजारची म्हातारी आली. आम्ही तिला बीबी म्हणतो, म्हणजे आजी. तिने माझ्या हातात एक जेंबे ठेवलं. आपल्या कुदळीसारखंच, पण पातं रुंद. काही न बोलता वळली आणि शेताकडे चालू लागली. मी मागोमाग गेले. दिवसभर मक्यासाठी जमीन खणली, तळहाताला फोड आले. संध्याकाळी तिने मला स्वाहिली म्हण शिकवली: "म्गेनी सिकु म्बिली, सिकु या तातू म्पे जेंबे." पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी त्याला कुदळ द्या.

त्याच आठवड्यात तिच्या सुनेने मला पहिल्यांदा खरं दुखणं सांगितलं. तीन वेळा गर्भ गेला होता, आणि तोवर माझ्या दवाखान्यात ती केवळ डोकेदुखीची गोळी न्यायला येत होती.

विचारायचं असेल ते विचारा. दुपारी नेट नसतं, रात्री उत्तरं देईन.

---

सह्यभ्रमर

वाचतोय. घड्याळाचा परिच्छेद फार आवडला. पु.ले.शु.

---

नारळीपोर्णिमा

ताई, मी वसईची. माझी मावशी धर्मभगिनी आहे, तीही बरीच वर्षं आफ्रिकेत होती. सुट्टीवर आली की सगळ्यात आधी भात आणि माशाचं कालवण मागायची. तुम्ही काय खाता? आपलं काही मिळतं का?

---

किनाऱ्यापलीकडे

@नारळीपोर्णिमा, वसईच्या माणसाला इथे परकं वाटणार नाही बघा. नारळाचा प्रदेश आहे. नारळाच्या दुधातला भात असतो, त्याला "वाली वा नाझी" म्हणतात. तुरीचे दाणे नारळाच्या दुधात शिजवतात, त्याला "म्बाझी", आणि सोबत वेलची घातलेले तळलेले "महाम्री". हा इथला नाश्ता. रोजचं जेवण मात्र मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, "सिमा", आणि बरोबर पालेभाजी. "म्चिचा" म्हणजे आपला माठच.

नारळ खवायला लाकडी बैठक असते, पुढे दातेरी पातं. बसून खवायचं. आजोळी कोकणात हुबेहूब तशीच होती. इथे त्याला "म्बुझी" म्हणतात, म्हणजे शेळी, कारण चार पायांवर मान पुढे काढून उभी असते.

फणसाला "फेनेसी", दुकानाला "दुका", लाखाला "लाकी", कचुंबरीला "कचुंबारी". समुद्राने शब्द किती इकडून तिकडे नेले! रिक्षाला शेजारच्या टांझानियात "बजाजी" म्हणतात. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा आकुर्डीला कारखान्यात आयुष्य घालवलेले माझे मोठे काका आठवले.

तूरडाळ, मोहरी, हिंग मोंबासात गुजराती दुकानांत मिळतं. गोडा मसाला मिळत नाही.

---

गोदाकाठ

ताई, नाशिकमध्ये कुठल्या? आम्ही शरणपूर रोडचे. एका जुन्या शिक्षकांनी सांगितलं होतं की शरणपूरला पूर्वी आफ्रिकेतली मुलं राहायची आणि त्यांतली काही परत तिकडे गेली. हे खरं आहे का? तुम्ही नेमक्या त्याच भागात आहात म्हणून विचारतो.

---

किनाऱ्यापलीकडे

@गोदाकाठ, हा प्रश्न कोणीतरी विचारावा अशी मी वाटच पाहत होते. उत्तर लांब आहे.

अगदी खरं आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांची लढाऊ गलबतं हिंदी महासागरात गुलामांची वाहतूक करणारी जहाजं पकडायची आणि सोडवलेल्या मुलांना मुंबईला आणायची. त्यांतली बरीच नाशिकला शरणपूरच्या मिशन वसाहतीत ठेवली गेली. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस ती वसाहत चालवत. मुलांना लिहायला-वाचायला शिकवायचे, सुतारकी, लोहारकी शिकवायचे. बाहेरच्या कागदपत्रांत त्यांना "नासिक बॉइज" म्हणतात. ती मोठी झाली गोदावरीच्या काठी.

1864 साली त्यांच्यातले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर मोंबासाजवळ रबाईला आले. रबाई आमच्यापासून मटाटूने, म्हणजे खासगी मिनीबसने, जाण्याइतकं जवळ आहे. जर्मन मिशनरी योहान लुडविग क्राफ यांनी तिथे मिशन सुरू केलं होतं. क्राफ 1844 साली मोंबासाला उतरले आणि काही आठवड्यांतच त्यांची बायको रोझीन आणि नवजात मुलगी तापाने गेल्या. 1846 साली योहानेस रेबमान येऊन मिळाले. त्यानंतर अनेक वर्षं त्या ठिकाणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच लोक ख्रिस्ती झाले. क्राफ आणि रेबमान यांची नावं सगळीकडे आहेत. पण मंडळी म्हणून जे उभं राहिलं, ते नाशिकहून आलेल्यांच्या खांद्यावर. त्यांचा रंग इथला होता, त्यांनी स्वतः साखळी पाहिली होती, आणि हाताला काम येत होतं.

पुढे 1875 साली मोंबासाच्या समोरच्या किनाऱ्यावर सुटका झालेल्या गुलामांसाठी फ्रीअरटाऊन वसलं. नाव मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांचं, आणि ते वसवायला आलेले तेच शरणपूरचे प्राइस. तिथल्या घंटेवरून त्या भागाला आजही "केंगेलेनी" म्हणतात, "केंगेले" म्हणजे घंटा. मी मोंबासाला औषधं आणायला जाते तेव्हा गाडी तिथूनच जाते, कंडक्टर "केंगेलेनी, केंगेलेनी" ओरडत असतो, आणि दर वेळी मला शरणपूर दिसतं.

जोन्स यांच्याबद्दल आणखी थोडं. 1885 साली ते बिशप हॅनिंग्टन यांच्याबरोबर युगांडाच्या वाटेवर होते. बिशपना वाटेत मारण्यात आलं, आणि उरलेल्या माणसांना घेऊन जोन्सच रबाईला परतले. मालकांकडून पळून आलेले गुलाम रबाईत आसरा घेत असत. त्यावरून किनाऱ्यावरचे मालक चिडले, मिशनमधले काही वरिष्ठही अस्वस्थ झाले. शेवटी 1 जानेवारी 1889 रोजी मालकांना मोबदला देऊन सुमारे 1,400 जणांना सुटकेचे कागद देण्यात आले.

आणि जेकब वेनराइट! तोही नाशिकचा विद्यार्थी. 1873 साली मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या आत वारले तेव्हा त्यांचं हृदय झाडाखाली पुरलं, आणि तिथली प्रार्थना वाचली ती जेकबने. झाडावर नाव-तारीखही त्यानेच कोरली. मग सोबत्यांनी मृतदेह शेकडो मैल चालत किनाऱ्यापर्यंत आणला. 18 एप्रिल 1874 ला लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबेत दफन झालं तेव्हा जेकब तिथे हजर होता.

आम्ही निघालो तेव्हा निरोपाच्या सभेत कोणीतरी म्हणालं, "नाशिकहून आफ्रिकेत सुवार्ता नेणारं हे पहिलंच दांपत्य." तेव्हा मला यातलं काहीही ठाऊक नव्हतं, मी ते मानून घेतलं. रबाईच्या छोट्या संग्रहालयात पहिल्यांदा गेले तेव्हा खाली बसून राहिले. ज्यांना आपण शिकवायला आलो असं मला वाटत होतं, त्यांच्याच पूर्वजांनी माझ्या गावात राहून, शिकून, दीडशे वर्षांपूर्वी हे काम केलं होतं. नवऱ्याने पुढच्या रविवारी प्रवचनात ही हकिकत सांगितली. उपासनेनंतर एक आजोबा आले, हात हातात घेतला आणि म्हणाले, "म्हणजे तू परत आलीस." त्या दिवसापासून मी त्यांची सून आहे.

---

गोदाकाठ

अंगावर काटा आला. शरणपूर रोडने रोज जातो. आता वेगळ्या नजरेने जाईन.

---

चिकित्सक

लेखन प्रामाणिक वाटलं म्हणून थेट विचारतो, राग नसावा. गरीब भागात दवाखाना काढायचा, औषध द्यायचं आणि मग धर्म सांगायचा, यात आमिष नाही का? शिवाय मिशनरी आणि साम्राज्यवाद हातात हात घालून आले हा इतिहास आहे. तुम्ही स्वतः भारतीय, म्हणजे त्या इतिहासाच्या दुसऱ्या बाजूच्या. स्थानिक श्रद्धांचं काय होतं?

---

पाळकाची लेक

@चिकित्सक, प्रत्येक वेळी हाच प्रश्न का? सेवा केली तरी संशय.

---

किनाऱ्यापलीकडे

@पाळकाची लेक, विचारू दे गं. मी स्वतःला हा प्रश्न विचारते, त्यांनी का विचारू नये?

@चिकित्सक, राग नाही.

दवाखान्यात धर्म विचारला जात नाही, नोंदवहीत तो रकानाच नाही. येणाऱ्यांत बरेच मुसलमान आहेत, बरेच जुन्या श्रद्धेचे आहेत. ज्यांच्याकडे पैसे नसतात त्यांना माफ होतं, आणि ते मंडळीच्या वर्गणीतून भरलं जातं. प्रार्थना हवी का असं मी विचारते. नको म्हटलं तर नको. ही रेषा रोज सांभाळावी लागते हे मान्य करते, कारण आजारी माणूस नर्सला सहसा नाही म्हणत नाही. तो दबाव मी न घालताही तयार होतो. म्हणून आता मी दवाखान्यात प्रार्थनेचं विचारणं बंद केलं आहे. घरी भेटायला गेले आणि त्यांनी स्वतः म्हटलं तरच.

आमिषाचं उदाहरण मी डोळ्यांनी पाहिलं आहे. काही वर्षांपूर्वी, दुष्काळात, परदेशातून एक गट दहा दिवसांसाठी आला. मक्याच्या पिठाच्या पिशव्या वाटल्या, आणि त्याआधी "येशूला कोण स्वीकारतो, हात वर करा" म्हणून हात मोजले. फोटो काढले. भुकेला माणूस हात वर करणारच. आमच्या मुख्य पाळकांनी दुसऱ्या दिवशी त्यांना बसवून सांगितलं की पीठ वाटायचं असेल तर मंडळीच्या, मशिदीच्या आणि गावप्रमुखाच्या लोकांनी मिळून यादी करायची आणि मोजणी बंद. ते नाराज होऊन गेले. पीठ मात्र ठेवून गेले, ते त्या यादीप्रमाणे वाटलं गेलं. माझ्या मनात जे होतं ते बोलायची हिंमत मला झाली नव्हती, ती त्यांनी दाखवली.

याहून मोठी जखम शाकाहोलाची आहे. 2023 साली आमच्याच काउंटीत, मालिंदीच्या आतल्या जंगलात, एका स्वयंघोषित उपदेशकाच्या सांगण्यावरून माणसांनी उपाशी राहून जीव दिला. येशूला भेटायला जायचं म्हणून. लहान मुलं होती त्यांत. चारशेहून अधिक मृतदेह काढले. त्यानंतर कित्येक महिने "चर्चमध्ये चला" हे शब्द माझ्या तोंडून निघत नव्हते. उपासाची प्रार्थना आमच्या मंडळीत नेहमीची होती, ती पाळकांनी वर्षभर थांबवली. सरकारने चर्चची कागदपत्रं, पाळकांचं शिक्षण तपासायला घेतलं तेव्हा कुरकुर करणारे होते. मला ते योग्यच वाटलं. ज्या नावाने आम्ही काम करतो त्याच नावाने ती मुलं मेली. त्याची जबाबदारी "ते आमचे नव्हते" म्हणून झटकता येत नाही.

स्थानिक श्रद्धांचं. गिर्यामांमध्ये गोहू नावाचा मानाच्या पुरुषांचा एक समूह असतो. त्यांतला कोणी वारला की पुढे त्याच्यासाठी कोरीव लाकडी खांब उभारतात, त्याला "किगांगो" म्हणतात, अनेक असले की "विगांगो". एकदा उभारलेला खांब हलवायचा नाही. 1970 नंतर हे खांब मोठ्या संख्येने चोरले गेले, पर्यटकांच्या दुकानांतून अमेरिकेतल्या संग्रहालयांपर्यंत पोहोचले. काही आता परत आले आहेत. जुन्या काळी चर्चमधूनही "ही मूर्तिपूजा, टाकून द्या" असं शिकवलं गेलं. चोरांना ते सोयीचंच झालं असणार, असं माझं मत आहे.

आमच्या मंडळीतल्या एका कुटुंबाने विचारलं, आजोबांचा किगांगो अंगणाबाहेर आहे, काय करायचं? माझ्या नवऱ्याकडे उत्तर होतं. त्याने ते दिलं नाही, मुख्य पाळकांकडे पाठवलं. ते म्हणाले, "तुझे आजोबा आहेत ना? मग त्यांची जागा राखा. अर्पण नको, पण ऊन-पावसात एकटं सोडू नका." खांब अजून तिथेच आहे.

देवाला आम्ही इथे "मुलुंगू"च म्हणतो. तो शब्द मिशनरी येण्याआधीपासून त्यांचा आहे.

तुमच्या साम्राज्याच्या मुद्द्याला माझ्याकडे पुरेसं उत्तर नाही. इतिहास तसा आहेच. 1913-14 साली मेकातिलिली वा मेन्झा या गिर्यामा बाईने इंग्रजांविरुद्ध लोकांना शपथ घालून उभं केलं. आमच्या मंडळीतल्या बायका तिची गाणी म्हणतात, मीही टाळ्या वाजवते.

---

चिकित्सक

उत्तराबद्दल आभार. सगळं पटलं असं नाही, पण विचारल्याचं समाधान झालं. यादीत मशिदीचे लोक घेतले हे विशेष वाटलं.

---

डॉ_अस्मि

मी बालरोगतज्ज्ञ, गडचिरोलीत काही वर्षं काम केलं. त्या किनाऱ्यावर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण भरपूर आहे असं वाचलं आहे. तुम्हाला नंदुरबारचा अनुभव आहे म्हणून विचारते, तिथे रुग्ण दिसतात का?

---

किनाऱ्यापलीकडे

@डॉ_अस्मि, खूप. माझ्या इथल्या कामातली सगळ्यात उपयोगी शिदोरी नंदुरबारचीच ठरली.

दुसऱ्या वर्षी एक आई दहा महिन्यांचं बाळ घेऊन आली. हातापायांची बोटं सुजलेली, बाळ किंचाळत होतं. घरच्यांना वाटत होतं की कोणीतरी करणी केली आहे, कारण आधीची दोन मुलंही अशीच "अंग दुखून" गेली होती. मी अक्कलकुव्याकडच्या पोरांमध्ये हे इतक्या वेळा पाहिलं होतं की हात बघताच कळलं. किलिफीच्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं, तपासणीत सिकलसेलच निघालं. ते पोर आता शाळेत जातं.

मी त्या आईला सांगितलं की माझ्या देशात, माझ्या राज्यात, डोंगरात राहणाऱ्या लोकांनाही हाच आजार आहे. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "मग तिकडे कोणी करणी केली?" आणि स्वतःच उत्तर दिलं, "कोणीच नाही." मी दिलेल्या कुठल्याही शिकवणीने जे झालं नसतं ते त्या एका प्रश्नाने झालं.

---

डॉ_अस्मि

सुंदर. इतर वाचकांसाठी थोडं: दोन्ही पालकांकडून हे जनुक आलं तर आजार होतो. एकाकडूनच आलं तर मूल सहसा निरोगी राहतं आणि तीव्र मलेरियापासून त्याला बरंच संरक्षण मिळतं. म्हणून जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे हे जनुक टिकून राहिलं, मग ते सातपुड्याचं रान असो की आफ्रिकेचा किनारा. ताई, पेनिसिलिन आणि फॉलिक ॲसिड नियमित मिळतं का? आणि हायड्रॉक्सियुरिया?

---

किनाऱ्यापलीकडे

पहिली दोन आम्ही ठेवतो. तिसरं मोठ्या रुग्णालयातूनच, आणि तिथे पोहोचायचं भाडं हीच खरी अडचण असते. त्यासाठी बुधवारच्या विधवांच्या गटाने वर्गणी सुरू केली आहे. मोबाइलवरच्या एम-पेसाने पन्नास-पन्नास शिलिंग जमतात. "हबा ना हबा हुजाझा किबाबा", आपलं थेंबे थेंबे तळे साचे.

---

दूरदेशी

पैशांचा विषय निघालाच आहे म्हणून, तुमचा स्वतःचा खर्च कसा चालतो? आणि व्हिसा?

---

किनाऱ्यापलीकडे

नाशिक, नगर आणि पुण्याच्या काही मंडळ्या, आणि मित्रमंडळी दरमहा पाठवतात. ठरलेला पगार नाही. दोन-तीनदा चार-चार महिने काही आलं नाही, तेव्हा शेजाऱ्यांनी मका दिला. धार्मिक आणि सेवाभावी कामासाठी परवान्याचा एक वेगळा वर्ग असतो, तो घ्यावा लागतो आणि ठरावीक काळाने नूतनीकरण करावं लागतं.

---

पाळकाची लेक

ताई, मघाशी चिडले त्याबद्दल क्षमा. माझे वडील पाळक होते, खूप ऐकून घेतलं आहे आम्ही, म्हणून. मला विचारायचं होतं, घरच्यांचं काय? आईवडील म्हातारे होतात, आपण एवढे लांब. मला स्वतःला असं बोलावणं आहे असं वाटतं, पण आईकडे बघून पाय निघत नाही.

---

किनाऱ्यापलीकडे

@पाळकाची लेक, क्षमा कसली.

मे 2021 मध्ये माझे बाबा गेले. नाशिकला, कोविडने. भारत-केनिया विमानं बंद होती. भावाने दफनविधी व्हिडिओवर दाखवला, नेट तीनदा तुटलं. पेटीवर माती पडताना मला दिसलीच नाही.

मी अंगणात बसून होते. मला वाटलं होतं की इथे कोणाला काय कळणार, माझे बाबा यांनी पाहिलेसुद्धा नाहीत. दुपारी बीबी आली. तिच्यामागे तिची सून, डोक्यावर सरपण. मग आणखी बायका. जमावाला सरकारी बंदी होती म्हणून दोघी-तिघी करून येत होत्या. मक्याचं पीठ, नारळ, चहापत्ती, साखर घेऊन. रात्री संचारबंदी असायची, म्हणून संध्याकाळी आलेल्या सकाळीच परत जायच्या. तीन रात्री माझ्या घरात जमिनीवर चटया टाकून त्या झोपल्या. माझी चूल त्यांनी पेटवली, माझं पाणी त्यांनी आणलं, मला उठू दिलं नाही. कोणी उपदेश केला नाही, वचन वाचलं नाही. "पोले, मामा." एवढंच. ज्या चटईवर मी सात वर्षं दुसऱ्यांच्या दारी बसत होते त्याच चटईवर.

तिसऱ्या दिवशी बीबीने विचारलं, "तुझ्या बापाचं नाव काय?" मी सांगितलं. तिने ते सगळ्यांकडून म्हणून घेतलं. बायकांना नीट उच्चारता येईना, तरी प्रत्येकीने म्हटलं.

तुला जा की जाऊ नको हे मी सांगणार नाही. आईला विचार, आणि तिचं उत्तर तुला हवं तसं नसलं तरी ऐक. माझ्या बाबांनी मला हो म्हटलं होतं, तरी शेवटच्या दिवसांत मी तिथे नव्हते ही गोष्ट बोचते आणि बोचत राहणार. ते खोटं सांगून तुला बोलावणार नाही.

एक मात्र सांगते, भाषेबद्दल. स्वाहिलीत "कुओम्बा" म्हणजे मागणं, आणि प्रार्थना करणं हाही तोच शब्द. पहिल्या वर्षी मी सगळीकडे "नताका", म्हणजे "मला पाहिजे", म्हणायचे. दुकानात, दवाखान्यात, चर्चमध्ये. शब्द बरोबर होता, पण इथे तो उद्धट वाटतो. "नाओम्बा" म्हणायचं, मी मागते. बीबीने सुधारलं. निघालीस तर पहिला हा शब्द शिक.

---

पाळकाची लेक

🙏 आज आईशी बोलते.

---

गोदाकाठ

ताई, माझा मुलगा ऑगस्टमध्ये कामानिमित्त नैरोबीला जाणार आहे. तुमच्यासाठी काही पाठवू का?

---

किनाऱ्यापलीकडे

@गोदाकाठ, संकोच न करता मागते. गोडा मसाला अर्धा किलो. मोठ्या अक्षरांचं मराठी पवित्र शास्त्र, नवऱ्याचे डोळे आता लहान अक्षराला साथ देत नाहीत. आणि जमलं तर शरणपूरच्या परिसराचे चार-पाच फोटो कागदावर छापून. "परत आलीस" म्हणणाऱ्या त्या आजोबांना दाखवायचे आहेत. ते अजून आहेत, नव्वदीच्या पुढे. दर भेटीत विचारतात, "नासिक" दिसतं कसं?

नैरोबीहून मोंबासाची रेल्वे आहे, साधारण पाच-सहा तास लागतात. मुलाला वेळ असेल तर घेऊन या म्हणावं, आम्ही स्टेशनवर येऊ. दोन दिवस राहू दे. तिसऱ्या दिवशी राहिला तर बीबीचं शेत आहेच.

आता थांबते. संध्याकाळी पहिला पाऊस पडून गेला, उद्या पहाटे पेरणीला जायचं आहे.